बॅटरीवरील हत्यारें व त्यांचा भरंवसा

काटोल-नरखेडच्या बाजूस हल्लीं संत्र्याच्या बागेंत शिरलें कीं कैचीच्या कट्कट् आवाजाऐवजीं लहानशा मोटरीची घरघर कानीं पडते. सल काढण्याची कैची, फांद्या उतरविण्याची आरी, कुंपणाच्या खांबांस भोकें पाडण्याचें यंत्र, फवारणीचा पंप, हीं सर्व हत्यारें आतां बॅटरीवर चालूं लागलीं आहेत. वेळेवर मजूर मिळत नाहीं, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाहीं, आणि वाळलेली सल झाडावर राहिली तर रोगास घर मिळतें. अशा अडचणींत सांपडलेल्या बागाइतदारानें या हत्यारांकडे वळावें हें स्वाभाविक आहे. परंतु हत्यार विकत घेतांना जो तो त्याची धार व मोटर पाहतो. त्याच्या मुठीखालीं जी डबी बसविलेली असते, तिच्याविषयीं फारसें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक पाहतां पोलादी पातें दहा वर्षें टिकेल, मोटर पांच वर्षें टिकेल. दगा द्यावयाचा तो ती डबीच देते. तिची गोष्ट कास्तकार बंधूंच्या कानीं घालावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व वडिलार्जित बाग सांभाळणारा तो एक साधा कास्तकार आहे. पुढें जें लिहिलें आहे, त्यांतील कांहीं भाग जाणत्यांकडून समजून घेतलेला, व कांहीं स्वतःच्या चुकीनें शिकलेला आहे. चुकीचा भाग आधीं सांगतों.

सन २०२२ च्या दिवाळींत मीं सल काढण्याची एक बॅटरीवरील कैची व तिच्यासोबत दोन सारख्या बॅटऱ्या घेतल्या. त्या वेळीं नोकरीचीं अखेरचीं वर्षें चालू होतीं, व शेतावर जाणें रविवारींच होई. काम सालदार पाहत असे. त्या हिंवाळ्यांत दोन्ही बॅटऱ्यांनीं उत्तम काम दिलें. एक बॅटरी सकाळीं लावली म्हणजे भाकरीच्या वेळेपर्यंत चाले. दुसरी दिवस मावळेपर्यंत पुरे. काम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं मीं एक बॅटरी पूर्ण भरून शेतावरील टिनाच्या खोलींत पेटींत ठेविली, व दर महिन्यास आठवणीनें ती पुन्हां भरीत गेलों. दुसरी बॅटरी पुतण्यानें घराच्या दाराचे पेच बसविण्यासाठीं नेली होती. ती अर्धीमुर्धी उतरलेली परत आली व माजघरांतील कोनाड्यांत तशीच पडून राहिली. तिची हेळसांड झाली म्हणून मी पुतण्यास रागें भरलों, हेंही येथें नमूद करतों.

पुढील हिंवाळ्यांत काय घडलें? हेळसांड झालेली बॅटरी पूर्वींप्रमाणेंच भाकरीच्या वेळेपर्यंत चालली. जिची मीं निगा राखली होती, ती घटकाभरांत बसूं लागली, व संक्रांतीनंतर चार्जरवर लावली असतां दिवाही धड लागेना. मीं तात्काळ अनुमान केलें कीं सालदारानें ती झाडावरून पाडली असावी. तो म्हणाला, “बाबूजी, म्या काईच केलं नाई जी, थे आपोआपच बसली.” मीं तें मानलें नाहीं. सन २०२४ च्या पाडव्यास सालाचा हिशेब झाला, तेव्हां बॅटरीच्या निम्म्या किंमतीचे अकराशें रुपये मीं त्याच्या नांवें वजा केले. तो कांहीं न बोलतां उठला व नवें साल त्यानें दुसऱ्या गांवीं धरलें.

पुढें मे महिन्यांत नागपुरास जाणें झालें, तेव्हां सीताबर्डीवरील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे मीं दोन्ही बॅटऱ्या नेल्या. त्यानें डब्या उघडून माझ्यासमोर प्रत्येक घट मोजला. डबीला तडा नव्हता, पोंचा नव्हता, आंत पाणी गेल्याची खूण नव्हती. पांचांपैकीं चार घट ३.९ व्होल्टच्या आसपास होते, पांचवा १.४ वर येऊन मेला होता. ही बॅटरी उन्हाळ्यांत कोठें होती, असें त्यानें विचारलें. मीं सांगितलें. त्यानें दुसरी कोठें होती तेंही विचारलें, व हंसून म्हणाला, “मग आतां मला विचारतां कशाला?”

एकाच दिवशीं घेतलेल्या दोन बॅटऱ्या, एकाच माणसाच्या हातीं, एकाच कैचीवर, एकाच बागेंत. फरक काय तो एका उन्हाळ्याचा. एका अनुभवावरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. परंतु या विषयाचे जाणकार जें सांगतात, त्याच्याशीं तो तंतोतंत जुळतो. तेव्हां तें शास्त्र थोडक्यांत पाहूं.

बॅटरी भरून ठेवण्याची माझी संवय आली कोठून? ती जुन्या शिशाच्या बॅटरीवरून आली. शिसें व गंधकाम्ल यांची पुनःपुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं तयार केली. आपल्या ट्रॅक्टरची, घरांतील इन्व्हर्टरची व पुष्कळशा फवारणी-पंपांची बॅटरी याच जातीची असते. ती उतरलेल्या स्थितींत ठेविली तर शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो व ती निकामी होते. म्हणून ती सदैव भरलेली ठेवावी हा नियम योग्यच आहे.

दुसरी जात निकेल व कॅडमियम यांची. अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीनें १९६१ सालीं तारेवांचून चालणारें पहिलें भोकें पाडण्याचें यंत्र बाजारांत आणलें, त्यांत हीच बॅटरी होती. तिला अर्धवट उतरवून वारंवार भरली तर तिची ताकद कमी भासे. म्हणून ती पुरती उतरवूनच भरावी असा प्रघात पडला. तो प्रघात अजून दुकानदारांच्या तोंडीं ऐकूं येतो.

तिसरी जात लिथियम-आयनची. जपानांतील सोनी कंपनीनें १९९१ सालीं ती प्रथम विक्रीस आणली, व जिच्यामुळें हातांतील हत्यारें खरोखर कामाचीं झालीं, ती हीच. २००५ च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत आली. त्या वर्षीं मिलवॉकी कंपनीनें २८ व्होल्टचीं लिथियमचीं हत्यारें काढलीं. या शोधाबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस मिळालें. तिचा गुण असा कीं थोड्या वजनांत पुष्कळ वीज मावते. बारा व्होल्टची आठ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. तेवढीच वीज लिथियमच्या बॅटरींत एक किलोच्या आंत मावते. पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसास हा फरक सांगावा लागत नाहीं.

पण तिचा स्वभाव पहिल्या दोघींहून वेगळा आहे. शिशाची बॅटरी भरलेली ठेवावी, निकेलची पुरती उतरवावी. लिथियमची मात्र फार भरलेली ठेवूं नये व पुरती उतरवूंही नये. मीं शिशाचा नियम लिथियमला लावला, हीच माझी चूक.

हत्यारांतील नेहमींच्या लिथियमच्या एका घटाचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, व पुरता भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. पांच घट एकामागें एक जोडले कीं १८ व्होल्टची बॅटरी होते. पुरती भरल्यावर तीच २१ व्होल्ट दाखविते. घट पुरता भरलेला असतांना त्याच्या आंतील द्रव व पत्रे यांमध्यें हळूहळू एक रासायनिक क्रिया चालू राहते व ती घटाची धारणशक्ति खाऊन टाकते. उष्णतेनें ही क्रिया झपाट्यानें वाढते. स्थूलमानानें दर १० अंशांस ती दुप्पट होते असें धरतात. प्रचलित असलेल्या एका कोष्टकाचा मासला पाहावा. २५ अंश उष्णतेंत ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेविली, तर तिची सुमारें ९६ टक्के ताकद परत मिळते. पूर्ण भरून ठेविली तर ८० टक्के. तीच ४० अंशांत ठेविली तर अनुक्रमें ८५ व ६५ टक्के. निरनिराळ्या बनावटीप्रमाणें आंकडे थोडे बदलतील. दिशा बदलत नाहीं.

आतां नागपूरचा उन्हाळा आठवावा. मे महिन्यांत सावलींतील पारा ४५ अंशांवर जाणें आपणांस नवें नाहीं. मे २०१३ मध्यें तो शहरांत ४७ अंशांच्याही वर गेला होता. टिनाच्या खोलींत मीं नंतर दुपारीं थर्मामीटर ठेवून पाहिला, तो ५२ अंश दाखवीत होता. अशा भट्टींत भरलेली बॅटरी दोन-अडीच महिने ठेवणें म्हणजे तिचें आयुष्य स्वतःच्या हातांनीं जाळणें होय.

सर्व घट सारखे झिजत नाहींत. एखादा मुळांत थोडा कच्चा असतो, तो उष्णतेनें अधिक लवकर बसतो. घट एकामागें एक जोडलेले असल्यामुळें सगळ्यांतून सारखीच वीज वाहते. मोटेचा नाडा एकाच जागीं झिजला तरी मोट विहिरींत जाते, तशीच गत येथें होते. चार घट धडधाकट असूनही बॅटरी बंद पडते. चांगल्या बॅटरींत प्रत्येक घटाचा दाब पाहून तो सारखा करणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. हलक्या बॅटरींत ती नसते किंवा नांवापुरती असते. मग चार्जर सर्वांचा मिळून दाब २१ होईपर्यंत वीज लोटीत राहतो. कच्चा घट मागें राहिला म्हणजे त्याचा वांटा बाकीच्यांच्या अंगावर जातो व ते मर्यादेपलीकडे भरले जातात. बॅटरी फुगणें, तापणें व पेट घेणें याचें हें एक मोठें कारण आहे. दुसरें कारण असें कीं, घट फार खालीं उतरला तर आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, व अशी बॅटरी पुन्हां भरूं गेल्यास आंतल्या आंत विजेचा मार्ग जुळून ती दगा देऊं शकते. म्हणून मेलेली बॅटरी दुसऱ्या बॅटरीस तार जोडून जागी करण्याचा जो प्रकार कोठें कोठें करतात, तो धोक्याचा आहे.

येथें आपल्या भागापुरती एक विशेष सूचना करणें अगत्याचें वाटतें. भाव येईपर्यंत कापूस घरांत भरून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच खोलींत खुंटीला चार्जर टांगून रात्रभर बॅटरी भरीत ठेवलेली मीं अनेक घरीं पाहिली आहे. बॅटरी पेटण्याचा प्रसंग विरळा. पण तो कापसाच्या गंजीशेजारीं आला तर वर्षाची कमाई, आणि वेळ वाईट असल्यास माणसेंही, त्यांत जातील. तसा प्रसंग आल्यास प्रथम माणसें बाहेर काढावीं व वीज तोडावी. मग लांबून भरपूर पाणी मारून ती थंड करावी. तिचा धूर विषारी असतो, तो छातींत जाऊं देऊं नये.

बॅटरी घेतांना काय पाहावें? डबीवरील मोठ्या आंकड्यांस भुलूं नये. एक दुकानदार १८ व्होल्ट म्हणतो, दुसरा २१ म्हणतो. दोन्हींत पांचच घट असतात. कांहीं स्वस्त मालावर ४८ किंवा ८८ असा आंकडा छापलेला असतो, पण उघडून पाहिलें तर आंत तेच पांच घट निघतात. खरें माप वॅट-तासांचें. सरासरी व्होल्टास अँपिअर-तासांनीं गुणावें. १८ व्होल्ट व २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ४ अँपिअर-तास म्हणजे ७२. किंमतीची तुलना या मापानें करावी. भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. १६०४६ या मानकाखालीं अशा बॅटऱ्यांची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक डबीवर आहे कीं नाहीं तें पाहावें. पक्की पावती घ्यावी, व बॅटरीवरील हमी हत्याराच्या हमीहून वेगळी व कमी मुदतीची नाहीं ना, तें वाचून पाहावें. पुढें लागेल म्हणून तिसरी बॅटरी आधींच घेऊन ठेवूं नये. ती न वापरतांही म्हातारी होते.

लिथियमचीच एक पोटजात लोह व फॉस्फेट यांची असते. तिच्या घटाचा दाब ३.२ व्होल्ट. ती थोडी जड असते, परंतु उष्णता अधिक सोसते, सहसा पेटत नाहीं, व पुष्कळ अधिक वेळां भरतां येते. फवारणी-पंपासाठीं चार घटांची, म्हणजे १२.८ व्होल्टची अशी बॅटरी मिळते. आपल्या हवेस ती अधिक मानवते. मात्र शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावूं नये. तिचा चार्जर वेगळा येतो. ज्यांचें फवारणीचें काम वर्षांत थोडे दिवस असतें व वजनाचा प्रश्न नाहीं, त्यांस शिशाची बॅटरी आजही स्वस्त पडते. शिवाय तिच्या मोडीचे पैसे येतात. लिथियम म्हणजे सर्वांस सर्वकाळ उत्तम, असा माझा आग्रह नाहीं.

माझ्या व शेजाऱ्यांच्या अनुभवावरून खालील नियम काढले आहेत. ते भिंतीवर लावून ठेवण्याजोगे आहेत.

१. काम संपल्यावर बॅटरी तापलेली असते. ती अर्धा ते एक तास सावलींत निवूं द्यावी, मग चार्जरवर लावावी. बॅटरीचें अंग ४५ अंशांवर असतांना भरणें अपायकारक आहे. म्हणून उन्हाळ्यांत ती पहांटे भरावी.

२. कैची जड चालूं लागली कीं थांबावें. शेवटच्या थेंबापर्यंत काम काढूं नये.

३. हंगाम संपल्यावर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून, हत्यारापासून वेगळी करून, राहत्या घरांत थंड जागीं ठेवावी. टिनाची खोली, गाडीची डिकी व चुलीजवळची फळी या जागा वर्ज्य समजाव्या.

४. दोन-तीन महिन्यांनीं एकदां दिवे पाहावे. एकच दिवा राहिला असेल तर निम्म्यापर्यंत भरावी, अधिक नाहीं.

५. दगडी किंवा फरशीच्या जागेवर, कोणी जागें असतांना भरावी. कापूस, कडबा व डिझेल यांपासून दूर ठेवावी. फुगलेली, फुटलेली किंवा पाण्यांत पडलेली बॅटरी भरूं नये.

६. कैची सोसते त्याहून जाड फांदी तिच्या तोंडीं देऊं नये. त्यासाठीं करवत आहे. मोटर अडली कीं बॅटरींतून एकदम मोठा प्रवाह निघतो व घट तापतात. शिवाय ही कैची फांदी व बोट यांत भेद करीत नाहीं, हें मजुरास पहिल्याच दिवशीं सांगावें.

७. एक घट मेला म्हणून तेवढाच नवा बसवूं नये. बदलावयाचे तर पांचही एका जातीचे, एका वेळचे बदलावे, व तेंही जाणत्या माणसाकडून. निकामी बॅटरी कचऱ्यांत किंवा विहिरीजवळ टाकूं नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे परतीची चौकशी करावी.

फवारणी-पंपाविषयीं आणखी एक शब्द. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्या वेळीं ज्या कारणांची चर्चा झाली, त्यांत उंच व दाट वाढलेली पऱ्हाटी, मिसळलेलीं जहाल औषधें, तोंडास व अंगास झांकणाचा अभाव, यांबरोबर जोरानें बारीक तुषार उडविणारे पंपही होते. बॅटरी दिवसभर टिकली म्हणजे माणूसही दिवसभर विषांत उभा राहतो. पंपाचा भरंवसा वाढला तर माणसाच्या रक्षणाची तजवीजही त्या प्रमाणांत वाढविली पाहिजे, ही मालकाची जबाबदारी आहे.

आतां हिशेबाची राहिलेली बाब. नागपुराहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं मी त्या सालदाराच्या गांवीं गेलों. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय पंचनामा लिहूं नये, असें मी नोकरींत तलाठ्यांस अनेकदां ऐकविलें होतें. आणि घरच्या प्रकरणांत मीं डबी न उघडतांच पंचनामा लिहिला, माणूस दोषी ठरविला व दंडही वसूल केला. अकराशें रुपये त्याच्या हातीं ठेवून झालें तें सांगितलें. त्यानें पैसे मोजून घेतले व चहा दिला. आमच्याकडे परत येण्याविषयीं मीं विचारलें, तेव्हां त्यानें नवा मालक बरा आहे एवढेंच सांगितलें. बॅटरी मीं दुसरी आणली. तसा माणूस मिळालेला नाहीं.

म्हणून माझें वाचक बंधूंस सांगणें आहे कीं, हत्यार बंद पडलें म्हणजे मजुराच्या नांवें रक्कम टाकण्यापूर्वीं तें उन्हाळ्यांत कोठें होतें तें आठवावें. बाजारांत थोड्या किंमतींत व्होल्ट मोजण्याचें मल्टिमीटर मिळतें. आपल्या मंडळाच्या प्रत्येक शाखेनें तें एक घेऊन ठेवावें व एका तरुणास वापरण्यास शिकवावें. सभासदांनीं प्रत्येक बॅटरीची खरेदीची तारीख, ठेवण्याची जागा व एका भरणींत चाललेले तास एवढ्या तीन गोष्टी वहींत टिपून पुढील पाडव्यापर्यंत मंडळाकडे पाठवाव्या. पन्नास वह्या जमल्या तर कोणती बॅटरी आपल्या उन्हांत टिकते, हें दुकानदाराच्या तोंडून ऐकण्याची गरज उरणार नाहीं. माझी वही मीं आजच मंडळाच्या चिटणिसांकडे दिली आहे.